आयकराची मर्यादा, सरासरी कमाई आणि घरातील माणसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातून विवरणपत्राच्या मोसमात येणारे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात, पण त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका असते: घरात खाणारी तोंडे किती आहेत, हे आयकर खाते पाहते की नाही? त्या शंकेभोवतीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्व आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे आकारणी वर्ष २०२६-२७ चे आहेत, आणि कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो.

१. करमुक्त मर्यादा नक्की किती? कोणी चार लाख म्हणतो, कोणी बारा, कोणी पावणेतेरा.

तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांचे अर्थ वेगळे आहेत. करदात्याला दोन प्रणालींतून निवड करता येते: बहुतेक वजावटी नसलेली नवी आणि वजावटी असलेली जुनी. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कराचा दर शून्य आहे; ही खरी मूळ मर्यादा. त्यापुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १०, १६ लाखांपर्यंत १५, २० लाखांपर्यंत २०, २४ लाखांपर्यंत २५ आणि त्यावर ३० टक्के असे टप्पे आहेत. निव्वळ उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर टप्प्यांनुसार निघालेला कर, जास्तीत जास्त ६० हजार रुपये, कलम ८७-ए खाली माफ होतो; ही करमाफी आहे, मर्यादा नव्हे. पगारदाराला त्याआधी ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याचा आकडा १२ लाख ७५ हजार होतो. हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण प्रश्न १०, १४ आणि १६ मधली सगळी गुंतागुंत त्यातूनच निर्माण होते.

२. माझ्यावर बायको, दोन मुले आणि आई-वडील अवलंबून आहेत. माझी मर्यादा एकट्या माणसापेक्षा जास्त असेल ना?

नाही. भारतात आयकराचे एकक व्यक्ती आहे, कुटुंब नाही. पती-पत्नीने एकत्र विवरणपत्र भरण्याची सोय कायद्यात नाही. घोडबंदर रोडवर एकटा राहणारा पंचविशीतला अभियंता आणि सहा जणांचा संसार ओढणारा त्याच कंपनीतला सहकारी यांचा पगार सारखा असेल, तर नव्या प्रणालीत दोघांचा कर रुपयापर्यंत सारखा येतो. जुन्या प्रणालीतही मूळ मर्यादा कुटुंबानुसार बदलत नाही. तिथे फक्त काही खर्चांच्या वजावटी आहेत, त्यांचा विचार प्रश्न ८ मध्ये केला आहे.

३. सरासरी कमाईच्या मानाने ही मर्यादा उदार आहे की तुटपुंजी?

हे सरासरी कोणती धरता यावर अवलंबून आहे. देशाचे दरडोई निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न २०२४-२५ साठी, २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरून, सुमारे २ लाख ५ हजार रुपये होते. त्या मानाने ४ लाखांची मूळ मर्यादा जवळजवळ दुप्पट आणि १२ लाखांची माफीची रेषा पावणेसहा पटींहून थोडी वर पडते. नियमित पगारावर काम करणाऱ्यांची सरासरी मासिक कमाई केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ मध्ये २० हजारांच्या थोडी वर होती, म्हणजे वर्षाला अडीच लाखांच्या आसपास. पगारदाराची पावणेतेरा लाखांची रेषा त्याच्या पाचपट आहे. याउलट ब्रिटनमध्ये १२,५७० पौंडांवर कर सुरू होतो, आणि तेथे पूर्णवेळ नोकरदाराची मध्यवर्ती वार्षिक कमाई एप्रिल २०२४ मध्ये ३७ हजार पौंडांच्या वर होती. म्हणजे तिथे सामान्य नोकरदार सरासरीच्या एक तृतीयांशालाच कराच्या कक्षेत येतो, आणि आपल्याकडे सरासरीच्या पाचपटीपर्यंत येत नाही. या तुलनेत आपली मर्यादा उदारच म्हणावी लागेल.

परंतु दरडोई उत्पन्नाचा भागाकार करताना पाळण्यातले मूल आणि अंथरुणाला खिळलेली आजी यांचीही संख्या धरलेली असते, तर आयकराची मर्यादा फक्त कमावत्याच्या वाट्याला येते. दरडोई आकडा आणि कमावत्याचा पगार थेट शेजारी मांडणे म्हणजे एका ताटातले अन्न आणि अख्ख्या पंगतीचे अन्न यांची तुलना करणे होय. ती नीट करायची तर दरडोई उत्पन्नाला घरातल्या माणसांनी गुणले पाहिजे, आणि तसे केल्यावर चित्र बरेच पालटते. तो हिशेब प्रश्न ४ मध्ये आहे.

जुन्या प्रणालीबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे: तिची अडीच लाखांची मर्यादा २०१४-१५ मध्ये ठरली आणि तेव्हापासून तसूभरही हललेली नाही. त्या वर्षी देशाचे दरडोई उत्पन्न सुमारे ८६ हजार होते, म्हणजे मर्यादा त्याच्या जवळजवळ तिप्पट होती. दहा वर्षांनी ती सव्वापटीच्याही खाली आली. कर न वाढवता कर वाढवण्याचा हा जुना आणि गाजावाजा न होणारा मार्ग आहे.

४. घरातल्या माणसांच्या संख्येनुसार हिशेब मांडून दाखवाल का?

महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न राज्याच्या आर्थिक पाहणीत २०२४-२५ साठी ३,०९,३४० रुपये अंदाजले आहे. त्यात कंपन्यांच्या नफ्यासारखे घरी न येणारे उत्पन्नही मिसळलेले असते, आणि ठाणे जिल्हा राज्याच्या सरासरीच्या वर आहे, त्यामुळे हा आकडा केवळ मोजपट्टी म्हणून वापरावा. आता असे समजा की प्रत्येक घराची कमाई माणशी बरोबर एवढीच आहे आणि ती सगळी एकाच पगारदाराची आहे.

एकट्या माणसाला ३ लाख ९ हजार लागतील. तो मूळ मर्यादेच्याही खाली राहतो. दोघांच्या घराला ६ लाख १९ हजार, तिघांच्या घराला ९ लाख २८ हजार. कर टप्प्यांनुसार निघतो आणि पूर्ण माफ होतो. चौघांच्या घराला १२ लाख ३७ हजार लागतात, आणि प्रमाणित वजावटीमुळे येथेही कर शून्यच. पाच माणसांच्या घराची बेरीज १५ लाख ४७ हजारांच्या जवळ जाते आणि करावरचा ४ टक्के उपकर धरून कर एकदम सुमारे १ लाख ५ हजार रुपये येतो. सहा जणांच्या घराची कमाई १८ लाख ५६ हजार, कर सुमारे १ लाख ६२ हजार. माणशी उत्पन्न या सर्व घरांत एकच आहे, तरी चौथ्या माणसापर्यंत काहीच नाही आणि पाचव्या माणसाबरोबर लाखाचा कर. एकच कमावता असेल तर आजची रेषा नकळत ‘आई, बाबा आणि दोन मुले’ याच चौकटीला बेतलेली आहे. आजी-आजोबा घरात आले की त्या चौकटीत जागा उरत नाही.

चौघांच्या घराबाबत आणखी एक फरक लक्षात घ्यावा. तोच १२ लाख ३७ हजारांचा कमावता पगारदार नसून वाशीच्या बाजारातला व्यापारी असेल, तर त्याला ७५ हजारांची वजावट नाही, आणि सीमांत सवलत (ती प्रश्न १० मध्ये समजावली आहे) धरूनही त्याला सुमारे ३९ हजार रुपये भरावे लागतात.

कमावती माणसे दोन झाली की सगळेच बदलते. सहा माणसांच्या घरात १८ लाखांचा एकच पगार येत असेल तर उपकरासह कर १,५०,८०० रुपये होतो. त्याच घरात पती-पत्नी प्रत्येकी ९ लाख मिळवत असतील, तर दोघांचा मिळून कर शून्य. दोघांच्याही पगाराचा आकडा पावणेतेरा लाख असेल, तर साडेपंचवीस लाख घरात येऊनही कर लागत नाही. हीच रक्कम एकट्याने मिळवली तर ३,३५,४०० रुपये द्यावे लागतात. दोघे नोकरीला गेले की पाळणाघर, डबा आणि रिक्षा यांचा खर्च वाढतो हे खरे, आणि त्यामुळे हा फरक पूर्णपणे अन्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. पण आजारी आई-वडिलांसाठी ज्या घरात एकाला नोकरी सोडावी लागली, त्या घराला हे समर्थन ऐकवणे अवघड जाते.

५. पूर्वी तरी लग्न आणि मुले पाहून सूट मिळत असे का?

मिळत असे. १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात रायगडचे सुपुत्र आणि तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी सर्वांसाठी असलेली १,५०० रुपयांची करमुक्त पायरी मोडून विवाहितांना २,००० आणि अविवाहितांना १,००० अशी विभागणी केली. पुढे १९५८ मध्ये मुलांची संख्याही जमेस धरली गेली: विवाहिताला ३,०००, एक मूल असल्यास ३,३०० आणि त्याहून अधिक असल्यास ३,६०० रुपये. कालांतराने ही पद्धत मागे पडली आणि मर्यादा पुन्हा व्यक्तीपुरती झाली. कुटुंब पाहून कर आकारणे भारतीय कायद्याला परके आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

६. परदेशात कुटुंबाचा आकार धरतात असे ऐकले. ते कसे?

पद्धती वेगवेगळ्या आहेत. फ्रान्समध्ये १९४५ पासून घराचे एकूण उत्पन्न ‘वाट्यां’नी भागतात: पती-पत्नीचा प्रत्येकी एक वाटा, पहिल्या दोन मुलांचा प्रत्येकी अर्धा, तिसऱ्या मुलापासून पूर्ण एक. कर एका वाट्यावर काढून पुन्हा वाट्यांनी गुणतात, आणि होणाऱ्या फायद्याला वरची मर्यादा घातलेली आहे. जर्मनीत दांपत्याची कमाई एकत्र करून निम्म्यावर कर काढतात आणि तो दुप्पट करतात, त्यामुळे एकाच्या पगारावर चालणारे घर तिथे तोट्यात जात नाही. अमेरिकेत पती-पत्नीला एकत्र विवरणपत्र भरता येते, आणि १९४८ मध्ये त्यात उत्पन्न दोघांत विभागून कर काढण्याची सोय आली. ब्रिटनने मात्र एप्रिल १९९० पासून दोघांची आकारणी वेगळी केली. तिथली वाट आपल्या जवळची आहे.

विकसित देशांची आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना पगारावरील कराची तुलना दरवर्षी मांडते, ती नमुना कुटुंबे घेऊनच: एकटा माणूस, एकटे पालक, एका पगाराचे दांपत्य, दोन पगारांचे दांपत्य, मुले असलेले आणि नसलेले, आणि कमाई सरासरी कामगाराच्या ६७, १०० किंवा १६७ टक्के. आपल्याकडे अशा नमुना कुटुंबांसाठी कराचा हिशेब मांडला, तर सरासरी पगाराच्या आसपासची सगळी घरे शून्यावर येतील आणि तुलना करायला काही उरणारच नाही. आपल्याकडे फरक दिसू लागतो तो सरासरीच्या पाचपटीपुढे.

७. महिला आणि ज्येष्ठ नागरिक यांची मर्यादा वेगळी आहे ना?

महिलांची वेगळी मर्यादा २०१२-१३ पासून नाही. ज्येष्ठांना जुन्या प्रणालीत ६० वर्षांनंतर ३ लाख आणि ८० वर्षांनंतर ५ लाख अशी वाढीव मर्यादा आहे. नव्या प्रणालीत वय कितीही असले तरी ४ लाखच.

८. जुन्या प्रणालीत मुलांची फी, आई-वडिलांचा विमा, घराचे कर्ज हे सगळे वजा होते. मोठ्या कुटुंबाने तीच घ्यावी का?

जुनी प्रणाली कुटुंबाकडे पाहते हे खरे, पण डोळे अर्धवट मिटून पाहते. कलम ८०-सी च्या वजावटीत दोन मुलांपर्यंतचे शिक्षणशुल्क धरता येते, मात्र दीड लाखांच्या त्याच टोपलीत भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता आणि गृहकर्जाचे मुद्दलही बसवायचे असते. आरोग्यविम्यासाठी स्वतः, पती किंवा पत्नी आणि मुले मिळून २५ हजार व ज्येष्ठ आई-वडिलांसाठी ५० हजार, अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठी ७५ हजार आणि अपंगत्व तीव्र असल्यास सव्वा लाख. कंपनीने शिक्षणभत्ता दिला तर त्यातले दर मुलामागे महिना शंभर रुपये करमुक्त, तेही दोन मुलांपर्यंत. शंभर रुपयांत आज मुलाच्या वह्यासुद्धा येत नाहीत.

वर आलेल्या १८ लाखांच्या पगारावर हिशेब करू. प्रमाणित वजावट ५० हजार, व्यवसायकर अडीच हजार, ८०-सी चे दीड लाख, आरोग्यविम्याचे ७५ हजार आणि स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याज २ लाख, एवढे सगळे पूर्ण घेतले तरी जुन्या प्रणालीत कर २,१७,६२० रुपये येतो. नव्या प्रणालीत काहीही न दाखवता तो १,५०,८०० आहे. या पगाराला जुनी प्रणाली बरोबरीला यायची, तर एकूण वजावटी ६ लाख ९२ हजारांच्या जवळ जायला हव्यात, आणि मोठा घरभाडे भत्ता नसेल तर ते सहसा जमत नाही. निर्णय मात्र ऐकीव माहितीवर न घेता दोन्ही हिशेब मांडून घ्यावा, आणि जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरावे; मुदत टळली की तो पर्याय उरत नाही.

९. राहायला ठाण्यात, ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात. घरभाडे भत्त्याची सूट ५० टक्क्यांनी की ४० टक्क्यांनी?

४० टक्क्यांनी, कारण नियम भाड्याचे घर कुठे आहे हे पाहतो, कचेरी कुठे आहे हे नाही. ५० टक्क्यांच्या यादीत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही चारच शहरे आहेत. ठाणे आणि नवी मुंबई यांच्या महानगरपालिका स्वतंत्र असल्याने ती मुंबईत मोजली जात नाहीत. लोकलमध्ये ‘मुंबईला राहतो’ असे आपण सर्रास सांगतो, पण विवरणपत्रात ते चालत नाही.

फरक किती पडतो ते पाहा. मूळ पगार महिना ६० हजार, घरभाडे भत्ता ३० हजार आणि भाडे ३६ हजार असेल, तर मुलुंड चेकनाक्याच्या मुंबईकडच्या बाजूला महिना ३० हजार करमुक्त होतात आणि ठाण्याकडच्या बाजूला २४ हजार. वर्षाची ७२ हजारांची सूट हुकते आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह २२,४६४ रुपये जास्त पडतात. ही सूट जुन्या प्रणालीतच आहे, म्हणून नवी प्रणाली निवडणाऱ्याने या प्रश्नात वेळ घालवू नये.

१०. पगार पावणेतेरा लाख आहे आणि बचत खात्यावर सहा हजार व्याज आले. आता पूर्ण ६० हजार कर बसणार का?

नाही. निव्वळ उत्पन्न १२ लाखांच्या थोडे वर गेल्यास सीमांत सवलत मिळते, म्हणजे कर त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही. तुमचे निव्वळ उत्पन्न १२ लाख ६ हजार झाले, म्हणून कर ६ हजार आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ६,२४० रुपये. सहा हजारांचे व्याज मिळवून सहा हजार दोनशे चाळीस भरायचे, हा विनोद कायद्यातलाच आहे: सवलत मूळ कराला लागते, उपकराला नाही. हा पट्टा १२ लाख ७० हजार ५८८ रुपये निव्वळ उत्पन्नापर्यंत, म्हणजे पगारदारासाठी १३ लाख ४५ हजार ५८८ पर्यंत चालतो. त्यात पगारवाढ मिळाली तर ती सगळी करातच जाते, आणि उपकरामुळे पदरचे थोडे अधिकच भरावे लागते. १३ लाख पगारावर २६ हजार कर येतो, तो यामुळेच.

बचत खात्याच्या व्याजाची १० हजारांची वजावट नव्या प्रणालीत नाही. कंपनी राष्ट्रीय पेन्शन योजनेत तुमच्या वतीने भरत असेल, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते, आणि रेषेच्या जरा वर असलेल्या माणसाला एवढा एक दरवाजा उघडा असतो.

११. आयकर शून्य आहे, मग पगारातून २०० रुपये कसले कापतात?

तो राज्याचा व्यवसायकर आहे, त्याचा आयकराच्या मर्यादेशी संबंध नाही. महिना १० हजारांच्या वर पगार असलेल्याकडून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. महिलांना महिना २५ हजारांपर्यंत तो नाही.

१२. बायको नोकरी करत नाही. तिच्या नावावर मुदत ठेव केली तर व्याज तिच्या मर्यादेत बसेल का?

पैसे तुमचे असतील तर बसणार नाही. कलम ६४ नुसार जोडीदाराला पुरेशा मोबदल्याविना दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिसळले जाते. सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या रकमेलाही हाच नियम आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. व्याजाचे पुन्हा व्याज मिळाले तर ते मात्र पत्नीचे. तिचे स्वतःचे स्त्रीधन, माहेरहून मिळालेली भेट किंवा शिकवण्या, डबे, शिलाई यांतून तिने कमावलेला पैसा यांचे उत्पन्न तिचेच असते आणि त्याला तिची पूर्ण मर्यादा लागू होते. आई-वडिलांना किंवा सज्ञान मुलांना दिलेल्या भेटीचे उत्पन्न देणाऱ्याकडे परत येत नाही. घर मोठे असेल तर मर्यादांचा उपयोग करून घेण्याचा हा सरळ आणि कायदेशीर मार्ग आहे. पैसे खरोखर दिलेले असावेत आणि पुढे ते त्यांच्या मर्जीने वापरले जावेत, एवढे पथ्य पाळावे.

१३. आणि लहान मुलांच्या नावावर ठेवले तर?

अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्यात मिसळते. जुन्या प्रणालीत दर मुलामागे १,५०० रुपयांची सूट आहे, नव्या प्रणालीत तीही नाही. मुलाने स्वतःच्या कलेने किंवा श्रमाने मिळवलेले पैसे याला अपवाद आहेत. मालिकेत काम करणाऱ्या मुलाचे मानधन त्याचेच राहते, त्या मानधनाच्या ठेवीवरचे व्याज मात्र पुन्हा पालकांकडे जाते. सुकन्या समृद्धी आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी यांचे व्याज मुळातच करमुक्त असल्याने तेथे ही अडचण येत नाही.

१४. हिंदू अविभक्त कुटुंबाचे वेगळे पॅन काढले तर आणखी बारा लाख मोकळे होतात, असे एकाने सांगितले. खरे का?

चार लाख मोकळे होतात, बारा नव्हे. कलम ८७-ए ची माफी निवासी व्यक्तीलाच मिळते. अविभक्त कुटुंब ही कायद्याने वेगळी करदाती असली तरी व्यक्ती नाही. त्याचे उत्पन्न ८ लाख असेल तर २० हजार आणि उपकर भरावाच लागतो. शिवाय स्वतःचे पैसे त्यात टाकले तर त्यांचे उत्पन्न पुन्हा तुमच्याच हिशेबात येते. वडिलोपार्जित मालमत्ता नसताना केवळ कर वाचवण्यासाठी ही खटपट करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

१५. घणसोली गावठाणात वडिलांचे घर आहे, ते गेले. महिना ८० हजार भाडे येते आणि आम्ही चार भावंडे आहोत. कर कोणी भरायचा?

वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल आणि घर त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ नुसार ते तुम्हा वारसांकडे व्यक्ती म्हणून येते, आपोआप अविभक्त कुटुंबाचे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. आई हयात असेल तर तिचाही सारखा वाटा धरावा. वाटे निश्चित असले की कलम २६ प्रमाणे प्रत्येकाने फक्त आपल्या वाट्याचे भाडे दाखवायचे. चौघांत वर्षाचे ९ लाख ६० हजार प्रत्येकी २ लाख ४० हजार होतात; त्यातून आपल्या वाट्याचा, प्रत्यक्ष भरलेला महानगरपालिकेचा मालमत्ता कर आणि उरलेल्याचे ३० टक्के वजा करून जे राहील ते प्रत्येकाच्या इतर उत्पन्नात मिळवावे. एकाने सगळे भाडे आपल्या खात्यात घेऊन बाकीच्यांना रोख वाटले, तर वाट्यांचा पुरावा राहत नाही आणि सगळी रक्कम त्याच्याच गळ्यात येण्याची भीती असते, म्हणून भाडेकराराचे पैसे चार खात्यांत वेगळे यावेत हे उत्तम.

बहिणींचा प्रश्न येथे नेहमी अडतो. बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले असेल तर तिचा वाटा तिच्या हिशेबात येत नाही. ‘ती काही मागणार नाही’ या भरवशावर तो गाळता येत नाही; कागदावर हक्क तिचा असेल तर भाड्याचा हिस्सा आणि त्यावरचा करही तिचाच.

१६. पगार आठ लाख आणि शेअरविक्रीचा दीर्घ मुदतीचा नफा दोन लाख. एकूण बाराच्या आत, म्हणून कर शून्य ना?

पगारावरचा कर माफ होईल, नफ्यावरचा नाही. सूचिबद्ध शेअर व समभाग फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातले पहिले सव्वा लाख सोडून उरलेल्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि नव्या प्रणालीत ८७-ए ची माफी अशा विशेष दराच्या करावर चालत नाही. तुमच्या ७५ हजारांवर ९,३७५ रुपये आणि उपकर द्यावा लागेल. ज्यांना दुसरे उत्पन्नच नाही, अशा गृहिणीचा किंवा सज्ञान मुलाचा नफा असेल तर निवासी व्यक्तीला वापरली न गेलेली ४ लाखांची मूळ मर्यादा त्या नफ्यासमोर लावता येते. प्रश्न १ मधला मर्यादा आणि माफी यांतला भेद येथे प्रत्यक्ष पैशांत दिसतो.

१७. पतीच्या मृत्यूनंतर मला फॅमिली पेन्शन मिळते. माझी रेषा पावणेतेरा लाखच का?

नाही, १२ लाख २५ हजार. स्वतःच्या नोकरीची पेन्शन पगार समजली जाते आणि तिला ७५ हजारांची वजावट आहे. फॅमिली पेन्शन मात्र ‘इतर उत्पन्न’ या सदरात पडते. तिच्यावर नव्या प्रणालीत पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५ हजार यांपैकी जी रक्कम कमी ती वजा होते. मुलांना एकटीने वाढवणाऱ्या आईची रेषा त्याच पगाराच्या नोकरदारापेक्षा ५० हजारांनी खाली यावी, याचे समाधानकारक कारण मला अजून कोणी सांगितलेले नाही.

१८. कर शून्य येतो, मग विवरणपत्र भरायचे कशाला?

वजावटींपूर्वीचे एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर ते भरणे बंधनकारक आहे, कारण बारा लाखांची माफी विवरणपत्रात मागावी लागते. उत्पन्न त्याखाली असले तरी काही प्रसंगी सुटका नाही: वर्षभरात विजेचे बिल एक लाखाच्या वर गेले, परदेश प्रवासावर दोन लाखांहून अधिक खर्च केला, किंवा उगमस्थानी कापलेला कर २५ हजार किंवा त्याहून जास्त झाला, तर विवरणपत्र द्यावेच लागते, ज्येष्ठांसाठी हा शेवटचा आकडा ५० हजार आहे. विजेच्या अटीत एकत्र राहणारी घरे सापडतात, कारण तीन खोल्यांत वातानुकूलन यंत्रे आणि मीटर एकाच्याच नावावर असतो. बिल कोणाच्या नावावर आहे यापेक्षा ते प्रत्यक्ष कोण भरते हे येथे पाहिले जाते, म्हणून आईच्या नावावरचे बिल मुलगा आपल्या खात्यातून भरत असेल तर अट मुलाला लागते.